परदेशात हातखर्चाचे पैसे: घरूनच करून निघायची तयारी

परदेश प्रवासाची तयारी करताना व्हिसा, विमानाची तिकिटे आणि उबदार कपडे यांचा विचार महिनोन्‌महिने चालतो. पैसे कसे न्यायचे, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत शेवटच्या दोन दिवसांसाठी राहतो आणि पुष्कळदा विमानतळावरच्या चलन बदलून देणाऱ्या खिडकीपाशी घाईघाईने सुटतो. ती खिडकी सर्वांत महाग असते, कारण तिथे उभ्या असलेल्या माणसाला दुसरा पर्याय उरलेला नसतो. गेली अनेक वर्षे मी घरच्यांच्या आणि परिचितांच्या प्रवासाची ही बाजू सांभाळत आलो आहे, आणि या काळात एक गोष्ट मला पक्की पटली आहे: घरी बसून, पंधरा दिवस आधी ठरवलेले पैसे स्वस्त पडतात आणि परक्या शहरात घाईत उभे केलेले पैसे महाग पडतात. पुढे जे सांगितले आहे ते भारतात राहणाऱ्या, भारतीय बँकेत खाते असणाऱ्या आणि सहलीला किंवा मुलांकडे जाणाऱ्या माणसासाठी आहे.

आधी नियम समजून घ्यावेत, कारण ते वाटतात तितके किचकट नाहीत. १९७३ च्या ‘फेरा’ या परकीय चलनावर कडक नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या काळात परदेशी जाणाऱ्याला मोजकेच डॉलर मिळत. २००० साली त्याच्या जागी ‘फेमा’ हा सैल कायदा लागू झाला आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तींसाठी एलआरएस (लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम) ही योजना आणली. या योजनेखाली आज प्रत्येक निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंतचे परकीय चलन घेता येते. साध्या सहलीला ही मर्यादा कधीच आड येत नाही. जी मर्यादा खरोखर लक्षात ठेवायची ती रोख नोटांची: बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलर किंवा तेवढ्या मोलाच्या दुसऱ्या चलनाच्या नोटा मिळतात. त्यावरची रक्कम कार्डावर घ्यावी लागते. चलन घेताना पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि जिथे व्हिसा लागतो तिथे व्हिसाची प्रत द्यावी लागते आणि एका अर्जावर सही करावी लागते. रुपये रोख देऊन चलन घ्यायचे असेल तर ते ५० हजारांच्या आतच. त्यावरची रक्कम खात्यातून किंवा धनादेशाने द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या, ‘जरा बरा भाव देतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून डॉलर घेणे बेकायदा आहे. शिवाय बनावट नोट निघाली तर दाद कुणाकडे मागणार?

दुसरा नियम कराचा. एका आर्थिक वर्षात एलआरएसखाली घेतलेली एकूण रक्कम दहा लाख रुपयांच्या वर गेली, तर प्रवासासाठी घेतलेल्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे चलन देणाऱ्यानेच आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा प्राप्तिकर, आगाऊ कापला जातो. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून सातऐवजी दहा लाखांची झाली आहे. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. पण तोवर पैसे अडकून राहतात. सहल कंपनीच्या पॅकेजला वेगळा नियम आहे आणि तो कर कंपनीच घेते. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या एलआरएसमध्ये मोजला जात नाही. २०२३ च्या मे महिन्यात तो मोजायचा निर्णय झाला होता, पण जूनअखेर तो पुढे ढकलला गेला. कराचे हे नियम अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत एकदा विचारून घ्यावे.

नोटा किती आणि कोणत्या

रोख रक्कम हा प्रवासाचा पाया नसावा, तो आधार असावा. विमानतळावरून गावात पोहोचणे, पहिल्या रात्रीचे जेवण, सार्वजनिक स्वच्छतागृह, हमालाची बक्षिशी आणि कार्ड न चालण्याचा एखादा प्रसंग एवढे भागेल इतकी रोकड हवी. माझा स्वतःचा हिशेब असा असतो की एकूण खर्चाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढ्या नोटा न्यायच्या, आणि जपानसारख्या किंवा व्हिएतनामसारख्या देशात हा हिस्सा चौथाईपर्यंत वाढवायचा. गटसहलीने जाणाऱ्यांचे हॉटेल, जेवण आणि प्रवेश तिकिटे आधीच भरलेली असतात. त्यांच्या हाती उरतो तो खरेदीचा आणि किरकोळ खर्च, शिवाय बसचालक आणि स्थानिक मार्गदर्शक यांच्यासाठी दर दिवशी गोळा होणारी बक्षिशी. ही बक्षिशी युरो किंवा डॉलरच्या रोख नोटांतच द्यावी लागते, म्हणून तिचा आकडा सहल कंपनीकडून आधीच विचारून तेवढ्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात.

चलन घेताना तीन-चार ठिकाणी भाव विचारावा आणि प्रश्न एकाच तऱ्हेने विचारावा: ‘पाचशे युरो हातात मिळण्यासाठी मला सगळे धरून किती रुपये द्यावे लागतील?’ ‘कमिशन शून्य’ या शब्दांना काही अर्थ नसतो, कारण नफा भावातच मिसळलेला असतो. जीएसटीची रक्कम लहान असते: एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे पूर्ण एक लाखावर १८० रुपये, आणि किमान ४५ रुपये. त्यामुळे ‘कर फार लागतो’ असे सांगून कुणी भाव चढवून लावत असेल, तर त्या दुकानातून उठावे. त्या दिवशीचा आंतरबँक दर (बँका आपसांत वापरतात तो) फोनवर पाहून ठेवला, की आपल्याला सांगितलेला भाव त्याहून किती वर आहे ते जागीच कळते. दीड-दोन टक्क्यांचा फरक मी मान्य करतो. विमानतळावर तो याच्या कितीतरी पटीने वाढलेला मी स्वतः पाहिला आहे.

नोटा कोणत्या घ्याव्यात, हेही देशागणिक ठरते. युरोपात २० आणि ५० युरोच्या नोटा मागून घ्याव्यात. दोनशेची नोट पाहून छोटा दुकानदार मान हलवतो, आणि पाचशेच्या नोटा तर २०१९ पासून नव्याने दिल्याच जात नाहीत. थायलंड किंवा इंडोनेशियात डॉलर नेऊन तिथे बदलायचे असतील तर उलट आहे: तिथे शंभराच्या, कोऱ्या, शिक्का किंवा चीर नसलेल्या नोटेला चांगला भाव मिळतो, आणि लहान किंवा मळकी नोट कमी भावात घेतात किंवा परत देतात. काका-मामांच्या कपाटात पडून राहिलेल्या जुन्या नोटा बरोबर नेण्यापूर्वी तपासून घ्याव्यात. ब्रिटनच्या २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर तिथल्या दुकानांत चालत नाहीत. आता प्लास्टिकच्या नोटा आहेत. व्हिएतनाममध्ये २० हजार आणि ५ लाख डोंगांच्या दोन्ही नोटा निळ्या असतात, आणि टॅक्सीतल्या अंधुक उजेडात पंचवीस पट पैसे देऊन बसण्याची चूक पर्यटकांकडून नेहमी होते. त्या दोन नोटा पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणे हा साधा उपाय आहे.

रुपये घेऊन गेले तर? नेपाळ आणि भूतान सोडले, तर भारतीय रुपये बाहेर नेण्याची मर्यादा साधारणपणे २५ हजार आहे. तीही परतल्यावर घरी पोहोचण्यासाठी आहे असेच समजावे, कारण बहुतेक देशांत रुपयाला मिळणारा भाव पडेलच असतो. नेपाळ आणि भूतानची गोष्ट निराळी आहे. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० असा बांधलेला आहे, आणि भूतानचे न्गुलत्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचे आहे. तिथे शंभरच्या आणि त्याखालच्या नोटांचे पुडके बरोबर असले, की निम्मी चिंता मिटते.

फॉरेक्स कार्ड आणि क्रेडिट कार्ड

खर्चाचा मोठा भाग कार्डांवरच व्हायला हवा, आणि इथे दोन कार्डांची कामे वेगळी करून ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे आहे.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरून घेतलेले कार्ड. भरताना ज्या भावाने डॉलर किंवा युरो घेतले, तो भाव ठरून जातो. पुढे रुपया घसरला तरी आपला खर्च वाढत नाही. ज्यांना हिशेब डोळ्यांसमोर हवा, ज्यांना ‘एवढेच खर्च करायचे’ असे ठरवून निघायचे आहे, त्यांच्यासाठी हे उत्तम आहे, आणि ज्येष्ठांच्या हाती द्यायला तर याहून सुरक्षित साधन मला माहीत नाही, कारण कार्ड हरवले तरी त्यामागे बचत खाते उघडे पडत नाही. मात्र याची खोच चलनात आहे. कार्डावर युरो भरले आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकने खर्च केला, की प्रत्येक व्यवहारावर चलन बदलाचे वेगळे शुल्क लागते, आणि ते अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. युरोपच्या सहलीत स्वित्झर्लंड, हंगेरी, झेक प्रजासत्ताक किंवा ब्रिटन असेल, तर तिथले चलन युरो नाही हे निघण्यापूर्वी नकाशा समोर ठेवून पाहावे आणि बहुचलनी कार्डावर फ्रँक किंवा पौंड वेगळे भरून घ्यावेत. दुबईत दिऱ्हॅम, सिंगापुरात तिथला डॉलर, थायलंडमध्ये बाहत. ज्या चलनात खर्च होणार त्याच चलनात कार्ड भरावे. ते चलन आपल्या कार्डात मिळतच नसेल, तर त्या देशापुरते हे कार्ड बाजूला ठेवून क्रेडिट कार्ड वापरणे बरे.

अंदाजे खर्चाच्या साठ-सत्तर टक्केच भरावेत, असे मी सांगतो. राहिलेले पैसे परत रुपयांत घेताना भाव खालचा मिळतो आणि दोनदा नुकसान होते. कमी पडले तर बँकेच्या अ‍ॅपवरून परदेशात बसूनही कार्ड पुन्हा भरता येते. ही सोय आपल्या कार्डाला आहे ना, आणि भरलेले पैसे किती तासांत जमा होतात, हे आधी विचारावे. शनिवारी-रविवारी भरलेले पैसे सोमवारी उगवल्याचा अनुभव अनेकांना आला आहे.

क्रेडिट कार्डाचे काम वेगळे. हॉटेलात शिरताना किंवा भाड्याची मोटार घेताना अनामत म्हणून काही रक्कम रोखून धरतात. ती फॉरेक्स कार्डावर रोखली गेली तर आपलेच भरलेले पैसे कित्येक दिवस वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्डावर रोखली तर फक्त मर्यादा तेवढी कमी दिसते. म्हणून अनामत नेहमी क्रेडिट कार्डावर द्यावी. खरेदीसाठीही ते चांगले आहे, पण त्याचा खर्च मोजून. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचे वाढीव शुल्क, लागतो, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के; एक लाखाच्या खरेदीला ४,१३० रुपये. दोन टक्के किंवा शून्य मार्कअपची कार्डेही बाजारात आहेत. वर्षातून एकदा तरी परदेशी जाणाऱ्या घरात असे एक कार्ड असणे मला अत्यावश्यक वाटते, कारण खरेदीवर बक्षिसाचे गुण (रिवॉर्ड पॉइंट) देणारे महागडे कार्ड याच ४.१३ टक्क्यांत दिलेले सगळे परत घेते.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड मात्र कधीही काढू नये. त्यावर रोख आगाऊ रकमेचे शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोकडीला मिळत नाही.

यंत्र रुपये विचारते तेव्हा

या एका मुद्द्यावर मी वाचकाला थांबवून सांगेन, कारण सर्वांत जास्त मराठी कुटुंबांचे पैसे मी इथे जाताना पाहिले आहेत. दुकानात कार्ड लावले, की छोट्या पडद्यावर दोन रकमा येतात: एक तिथल्या चलनात, दुसरी भारतीय रुपयांत. आपल्या ओळखीचे रुपये दिसल्यावर हायसे वाटते, आणि बोट तिकडे जाते. नेमके तेच करायचे नाही. रुपये निवडले की विनिमयाचा दर आपल्या बँकेचा न राहता त्या दुकानाच्या यंत्रामागच्या कंपनीचा होतो, आणि तो चार-पाच टक्के, कधी त्याहूनही वाईट असतो. वर अनेक भारतीय बँका अशा, परदेशात पण रुपयांत झालेल्या व्यवहारावर एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी वेगळा आकारतात. शून्य मार्कअपचे कार्ड मुद्दाम घेऊन जावे आणि हे एक बटण दाबून त्याचा सगळा फायदा घालवावा, याहून वाईट ते काय? बँकॉक असो, पॅरिस असो की दुबई, नेहमी स्थानिक चलन निवडावे. कधी कधी दुकानदार न विचारताच रुपये निवडून यंत्र पुढे करतो. पावतीवर सही किंवा पिन देण्यापूर्वी चलनाचे नाव वाचावे, आणि चुकले असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला शांतपणे सांगावे. तो आपला हक्क आहे.

एटीएमही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारते: ‘हमी दराने पुढे जायचे का?’ तिथे दर नाकारायचा. व्यवहार रद्द होत नाही, आपल्या बँकेच्या दराने पूर्ण होतो. युरोपातल्या जुन्या शहरांच्या चौकांत, पर्यटकांच्या वाटेवर उभी असलेली खासगी कंपन्यांची एटीएम या बाबतीत फार आग्रही असतात. शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेले एटीएम वापरावे. कार्ड अडकले तर आत जाऊन विचारता येते, हा त्याचा दुसरा फायदा.

एटीएममधून पैसे काढताना शुल्क दोन बाजूंनी लागते: आपल्या बँकेचे दर व्यवहाराला ठरावीक आणि तिथल्या बँकेचे वेगळे. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर तिथली बँक एका वेळेस दोनशेहून अधिक बाहत घेते. तीन हजार बाहत काढले तर हे सुमारे सात टक्के झाले. वीस हजार काढले तर एक टक्क्याच्या आसपास. म्हणून रोज थोडे थोडे काढण्याऐवजी एकदाच पुरेसे काढावे आणि हॉटेलच्या तिजोरीत ठेवावे. जपानमध्ये परदेशी कार्डासाठी सेव्हन-इलेव्हन दुकानांतली आणि टपाल कार्यालयांतली एटीएम भरवशाची आहेत. तिथे लहान उपाहारगृहांत दाराशी नाणी-नोटा घेऊन कुपन देणारे यंत्र असते, मंदिरांत आणि खेड्यांतल्या बसमध्ये अजून रोकडच चालते, आणि रेल्वे-बसच्या भाड्याचे कार्ड भरतानाही स्थानकावरच्या यंत्रात नोटा घालणे सर्वांत सोपे पडते.

याच्या अगदी उलट लंडन. तिथल्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. संपर्करहित बँक कार्ड टेकवायचे आणि चढायचे. भुयारी रेल्वेत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवायचे, नाहीतर जास्त भाडे कापले जाते. एका कार्डावर एकच माणूस, म्हणून चार मोठ्या माणसांच्या कुटुंबाला चार कार्डे लागतात. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि ती कार्डागणिक मोजली जाते. म्हणजे एकाच घरातल्या पती-पत्नींनी एकेक कार्ड नेणे ही चैन नाही, तो तिथला गरजेचा भाग आहे.

निघण्यापूर्वी घरी करायची कामे

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असते. परदेशातला वापर, संपर्करहित व्यवहार आणि ऑनलाइन खरेदी ही तीनही बटणे आपण स्वतः अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत जाऊन चालू करावी लागतात, आणि प्रत्येकाची मर्यादा आपणच ठरवायची असते. हे न करता निघालेला माणूस पहिल्या दुकानात कार्ड नाकारले गेले की घाबरतो. आपल्याकडे अनेकांचे मुख्य खाते सहकारी बँकेत असते आणि तिचे रुपे कार्ड पुष्कळदा फक्त देशातच चालते. परदेशात चालणारे रुपे कार्ड वेगळे असते आणि ते डिस्कव्हरसारख्या जाळ्यांवरून चालते. आपल्या कार्डाच्या मागे कोणती चिन्हे आहेत ती पाहावीत आणि बँकेत स्पष्ट विचारावे.

मोबाइलचे सिम चालू राहणे पैशांइतकेच महत्त्वाचे आहे. ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, आणि कार्ड भरायचे, मर्यादा वाढवायची किंवा कार्ड बंद करायचे तर तो लागतोच. रोमिंगचे महागडे पॅक नको असेल तरी संदेश येतील एवढी सोय चालू ठेवावी आणि परदेशी सिम दुसऱ्या कप्प्यात किंवा ई-सिम म्हणून घ्यावे. बँकांची अनेक अ‍ॅप नोंदवलेले सिम फोनमध्ये नसेल तर उघडतच नाहीत.

यूपीआय परदेशात चालते का, हा प्रश्न आता मला सर्वांत जास्त विचारला जातो. भूतानमध्ये २०२१ मध्ये सुरुवात झाली. २०२४ मध्ये श्रीलंका, मॉरिशस आणि नेपाळ जोडले गेले, त्याच वर्षी पॅरिसला आयफेल टॉवरचे तिकीट यूपीआयने घेता येऊ लागले. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि कतारमध्येही काही दुकानांत ते चालते. नेपाळ-भूतानमध्ये क्यूआर जागोजागी दिसतो आणि तिथे ते खरोखर उपयोगी आहे. इतरत्र मात्र ते ठरावीक दुकानांपुरतेच आहे. त्यासाठी अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय आधी सुरू करावे लागते, ते ठरावीक मुदतीपुरतेच चालू राहते, आणि पैसे देण्यापूर्वी पडद्यावर दिसणारा रुपयांतला दर आणि शुल्क वाचायला हवे. यूपीआयवर भिस्त ठेवून युरोपला निघू नये.

अमेरिकेला मुलांकडे सहा महिने जाणाऱ्या आई-वडिलांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की राहण्या-जेवण्याचा खर्च नसला तरी त्यांच्या हाती स्वतःचे पैसे असावेत. नातवंडाला खेळणे घेताना दर वेळी मुलाकडे किंवा सुनेकडे पाहावे लागणे हे कुणालाच सुखाचे नसते. एक, पाच, दहा आणि वीस डॉलरच्या नोटांत दोनशे-तीनशे डॉलर, आणि डॉलर भरलेले फॉरेक्स कार्ड, एवढे पुष्कळ होते. दुसरी अशी की पेट्रोल पंपावरचे यंत्र तिथल्या पत्त्याचा टपाल पिन कोड (झिप कोड) विचारते, आणि भारतीय कार्ड तिथे अडते. अशा वेळी आत काउंटरवर जाऊन पैसे द्यायचे. निघण्यापूर्वी त्यांच्याकडून घराजवळच्या दुकानात कार्ड लावून पिन दाबण्याचा सराव दोन-तीनदा करून घ्यावा. माझ्या एका ज्येष्ठ नातेवाईक बाईंचे कार्ड तिथे तीनदा चुकीचा पिन दिल्याने बंद पडले, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंतचे चार दिवस त्यांनी घराबाहेर पाऊल टाकले नाही. तेव्हापासून हा सराव करून घेतल्याशिवाय मी कुणालाही निघू देत नाही.

हरवले, चोरले, उरले

सगळे पैसे आणि सगळी कार्डे एका पाकिटात कधीही नसावीत. एक कार्ड आणि दिवसाची रोकड अंगावर, दुसरे कार्ड हॉटेलमध्ये, आणि जोडीदाराजवळ तिसरे. फॉरेक्स कार्डाबरोबर अनेक बँका एक राखीव कार्ड देतात, ते मूळ कार्डाशेजारी ठेवून काहीच उपयोग नाही. कार्ड बंद करण्याचा, परदेशातून लागणारा क्रमांक देशाच्या संकेतांकासह कागदावर लिहून ठेवावा, कारण पाकिटाबरोबर फोनही जाऊ शकतो. परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर ओटीपी लागत नाही आणि कार्ड टेकवून होणाऱ्या छोट्या व्यवहारांना पिनही लागत नाही, म्हणून मर्यादा आधीच कमी ठेवणे हे खरे संरक्षण आहे. आपली चूक नसताना, बँकेबाहेरच्या कुणामुळे गैरव्यवहार झाला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर त्याचा भार येत नाही. म्हणून रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचे संदेश पाहून जावेत. तक्रार केल्यावर तिचा क्रमांक घ्यावा आणि ई-मेलही पाठवावा.

बालीसारख्या ठिकाणी गल्लीतल्या चलन बदलणाऱ्याकडे फलकावरचा भाव सर्वांहून चांगला दिसतो, आणि नोटा मोजताना हातचलाखीने काही खाली सरकवल्या जातात. मोजून झालेल्या नोटा त्याच्या हातात पुन्हा देऊ नयेत. त्याने घेतल्या तर आपण परत मोजाव्यात.

परतताना नाणी विमानतळावर खर्चून टाकावीत, कारण इथे नाणी कुणी बदलून घेत नाही. उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंतच्या रकमेचे चलन पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येते. त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत परत द्यावे लागते. फॉरेक्स कार्डावर मोठी रक्कम उरली असेल आणि वर्षभरात पुन्हा जायचे नसेल, तर ती काढून घ्यावी, कारण काही कार्डे वापर न झाल्यास दरमहा शुल्क कापतात. भारतात येताना जवळ ५,००० डॉलरहून जास्त नोटा, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश (ट्रॅव्हलर्स चेक) धरून एकूण १०,००० डॉलरहून जास्त परकीय चलन असेल, तर सीमाशुल्क विभागाकडे ते लेखी जाहीर करावे लागते. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच कार्डाचे आंतरराष्ट्रीय बटण बंद करावे, आणि पुढचे दोन महिने क्रेडिट कार्डाचे विवरण ओळीओळीने वाचावे. हॉटेलची रोखून धरलेली अनामत सुटली की नाही, ते तिथेच दिसते.